वाटाण्या उलटा झोपत नव्हता

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. शिक्का मारून, खाली सही ठोकून लिहिलंत. ‘स्थानिक प्रजातीचा पक्षी नैसर्गिक अधिवासात मुक्त करण्यात आला.’ एवढ्याशा ओळीत किती खोटं मावतं ते तुमच्या वनखात्याकडून शिकावं. पक्षी स्थानिक नव्हता. त्याचा अधिवास म्हणजे कडावच्या अंबाबाईचा डावा खांदा. आणि मुक्त झालं असेल तर फक्त तुमचं टेबल, एका फायलीपासून.

आता नीट ऐका. चूक अंबाबाईचीही आहे, ती लपवून सांगणार नाही.

अंबाबाईचा मुलगा स्वप्नील खालापूरच्या बाजूला एका कंपनीत पाळ्यांमध्ये कामाला. दहा वर्षांचा असताना त्यानं बांधावरच्या आंब्याच्या ढोलीतून पोपटाचं पिल्लू काढून आणलं होतं. ते तिसऱ्या दिवशी मेलं. बाप, वाल्मिक, तेव्हा जिवंत होता. त्यानं पोराला मारलं नाही. फक्त पहार हातात दिली आणि म्हणाला, “खड्डा तूच खण.” पोरानं खणला. रडत खणला. त्या दिवसापासून रानातलं पाखरू घरात आणायचं नाही, ही स्वप्नीलची शपथ.

पण पाखराचा नाद काही सुटला नाही. बाप गेल्यावर घरात आई एकटी, हा पाळीवर. मोबाइलवर त्यानं एक पोपट पाहिला. पॅरटलेट म्हणतात त्याला. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, मुठीत मावेल एवढा. आपल्याकडं फार कुणाकडं नाही. परदेशी पोपट पाळता येतो, पण कुठून आणला त्याचं बिल पाहिजे, सरकारात नोंद पाहिजे. स्वप्नीलनं वर्षभर शोधलं. विकणारे बरेच भेटले. कल्याणचा एक जण फोनवर म्हणाला, “भावा, तुला पोपट पाहिजे का कागद?”

“दोन्ही.”

“मग पोपट कशाला घेतोस, एन.ए. प्लॉट घे!” आणि फोन ठेवला.

शेवटी खालापूरकडंच एक माणूस सापडला. घरी पाखरांची वीण काढणारा, हिशोबाला सरळ. त्यानं बिल दिलं, अंड्यातून निघाल्याची तारीख लिहून दिली आणि पायातला वाळा दाखवला. पिल्लू आठ-दहा दिवसांचं असतानाच घालतात तो. अखंड, बिनजोडाचा, त्यावर नंबर. पाय मोठा झाला की तो निघत नाही. म्हणजे हे पाखरू पिंजऱ्यात जन्मलं, रानातून धरलेलं नाही, याची ती जन्मखूण. नंबरासकट स्वप्नीलनं ऑनलाइन फॉर्म भरला. रेंज नव्हती म्हणून पळसदरीच्या स्टेशनावर बसून भरला. बघायला माणूस येईल, असं उत्तर आलं.

मार्गशीर्षात पाखरू घरी आलं. अंगानं हिरवं, पाठीवर निळ्या शाईचा थेंब पडल्यासारखं. अंबाबाईनं चष्म्यातून निरखलं.

“एवढासा? मला वाटलं पोपट आणतोस. हा तर वाटाणा हाय.”

नाव तेच पडलं. वाटाण्या. महिन्याभरात तो तिच्या खांद्यावर बसून तांदूळ निवडू लागला. म्हणजे ती निवडायची आणि हा खडा उचलून परत सुपात टाकायचा. ती शिव्या घालायची. “मेल्या, तुज्या बानं गिरणी काढली व्हती का?” असं ती तासन्‌तास बोले. वाल्मिक गेल्यापासून त्या घरात एवढं बोलणं झालं नव्हतं. दिवेलागणीला तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जायचा, एक पाय पोटात घ्यायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा.

आणि मग आषाढ आला.

कडावात आषाढ म्हणजे आवणी, भाताची लावणी. दिवसभर चिखलात उभं राहायचं. अंबाबाई लग्न होऊन आली त्या पहिल्याच आवणीला तिचे पाय सुजले आणि जोडवं बोटात रुतलं. नवी नवरी, जोडवं काढायचं कसं? सासू म्हणाली, राहू दे. बोट काळं पडायला लागलं तेव्हा वाल्मिकनं तिला कर्जतच्या सोनाराकडं नेलं आणि जोडवं कापलं. अजून त्या बोटाला चर आहे. तेव्हापासून तिच्या घरात नियम एकच: सुजेवर धातू ठेवायचा नाही. आवणी लागली की ती गल्लीतल्या सुनांना आधी जोडवी उतरवायला लावी, मग चिखलात जाऊ देई.

तर आषाढातल्या एका दुपारी तिनं पाहिलं, वाटाण्या लंगडतोय. गोधडीचा दोरा वाळ्याखाली अडकलेला, पाय लालभडक, सुजून वाळा रुतलेला. स्वप्नील पहिल्या पाळीला, फोन उचलत नव्हता. तिनं दोनदा लावला. मग स्वप्नीलची वायर कापायची पकड काढली, पाखरू पदरात गुंडाळलं आणि वाळा तोडला. हळद-तेल लावलं. संध्याकाळी वाटाण्या दोन्ही पायांवर उभा.

कुठल्याही बाईनं हेच केलं असतं. इथवर तिची चूक मी मानत नाही.

चूक पुढं आहे. वाळ्याचं महत्त्व तिला ठाऊक होतं. स्वप्नीलनं दहादा सांगितलेलं, “आई, ह्याचा पाय म्हंजे ह्याचं आधार कार्ड.” पोरगं चिडेल म्हणून तिनं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. तो रविवारी घरी असायचा तेव्हा वाटाण्याला खांद्यावरच्या पदरात झाकून ठेवायची. “झोपलाय रं, नको छेडू.” तुटका वाळा तिनं कुंकवाच्या डबीत टाकला, जुन्या जोडव्याच्या तुकड्याशेजारी. तेव्हा सांगितलं असतं तर स्वप्नील पाखरू घेऊन डॉक्टरकडं गेला असता, दाखला आणला असता, तुम्हाला कळवलं असतं. ती हे रोज स्वतःला सांगते. मी नव्यानं सांगायची गरज नाही.

श्रावणात तुमची जीप आली.

आली ती आधी त्याच गल्लीतल्या चंद्राबाईच्या ओसरीसमोर थांबली. चंद्राबाईच्या पिंजऱ्यात नऊ वर्षं रानातून धरलेला करणपोपट आहे. त्याला ना बिल, ना नंबर. तो पाळणं सरळसरळ गुन्हा. त्यानं तुम्हाला विचारलं, “कोन हाय?” तुम्ही हसलात साहेब. “अंबाबाईंचं घर कुठलं?” म्हणून त्याच्याच मालकिणीला विचारलंत आणि पुढं गेलात. का, तर त्याचा फॉर्म नव्हता. तुमच्याकडं यादी होती आणि यादीत नाव होतं ते कायद्यानं वागणाऱ्याचं.

स्वप्नील कामावर होता. ओटीवर अंबाबाई होती आणि वनिता. वनिता डोंगराखालच्या ठाकरवाडीतली, दर आठवड्याला रानभाजीचा भारा घेऊन येणारी आणि अर्धा तास चहा पीत बसणारी.

“वाळा कुठाय?” तुम्ही विचारलंत.

अंबाबाईनं डबी आणली. कुंकू लागलेला, तुटका वाळा तळव्यावर ठेवला. “पाय सुजला व्हता सायेब. म्या तोडला. नंबर हाय बघा त्याच्यावर.”

“तुटका वाळा पुरावा नसतो, आजी. असा वाळा कोणीपण आणून दाखवील. हा तर भुंडा पोपट आहे. आपल्या डोंगरातला.”

वनिता चहा खाली ठेवून उठली. “सायेब, ह्यो आमचा नाय.”

“तू कोण?”

“वाडीवरची. भुंडा पोपट आमच्या उंबरावर असतो. त्याची पाठ लाल, चोच लाल. ह्याची पाठ निळी हाय बघा.”

“पिल्लू असेल. रंग यायचा असेल.”

“बरं, पिल्लू तर पिल्लू. आमचा भुंडा उलटा झोपतो, वटवाघळासारखा, फांदीला लटकून. पिल्लूबी उलटंच झोपतं. ह्यो बसून झोपतो. आता चार वाजलेत. दिवेलागणीपत्तुर बसा. आजी चहा करील. झोपला की बघा. उलटा झोपला तर घेऊन जा, मीच पिंजरा जीपमधी ठेवते.”

तुमच्याबरोबरचा माणूस फिस्सकन हसला. तुम्ही म्हणालात, “बाई, तू काय पक्ष्यांची डॉक्टर आहेस?”

“डॉक्टर नाय सायेब. पर डॉक्टरला इचारून तरी बघा.”

“पोराला येऊ द्या,” अंबाबाई म्हणाली. “सातला येतो. बिल त्याच्या कपाटात हाय, चावी त्याच्यापाशी.” तिनं पाय धरले तुमचे. आठवतं?

तुम्हाला अजून दोन गावं करायची होती. तीन तास थांबणं तुमच्या कामात बसत नव्हतं. वाटाण्याला खोक्यात घातलंत. खोक्याला भोकं पाडायची आठवण वनितानं केली.

स्वप्नील सातला आला. रिकामा पिंजरा पाहिला. अंबाबाईनं सगळं सांगितलं, आषाढापासूनचं. तो एवढंच म्हणाला, “जेवलीस का?”

अंबाबाईला वाटलं, यापेक्षा त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बिल, फॉर्मची प्रिंट, तारखेचा कागद घेऊन तो तुमच्या कचेरीत उभा. तोवर फोटो गावच्या ग्रुपवर फिरत होता. पाऊस, मागं कोंडाणे लेण्यांकडचा डोंगर, समोर तुमचा उघडा तळवा आणि तळव्यावर वाटाण्या. खाली लिहिलेलं, ‘भुंड्या पोपटास जीवदान.’ स्वप्नीलनं तो फोटो आईला दाखवला तेव्हा तिनं चष्मा चढवला.

“उडाला नाय रं तो,” ती म्हणाली. “हातावरच बसलाय. त्याला वाटलं, खांद्यावर घेतील.”

रानातलं पाखरू उघड्या तळव्यावर बसून फोटो काढून देतं का, साहेब? तुमच्या नोकरीत एकदा तरी दिलंय?

कचेरीतून उत्तर मिळालं, “सोडलाय. जंगलात.” जंगलात कुठं? “नोंद नाही.” पाळण्याच्या फॉर्ममध्ये आईबापांचं नाव सोडून सगळं विचारणारं खातं तुमचं, आणि सोडल्या जागेची नोंद नाही.

त्या श्रावणात अंबाबाई आणि वनिता चार वेळा कोंडाण्याच्या वाटेनं वर गेल्या. धबधबे कोसळताहेत, मुंबईची पोरं भिजायला आलेली, आणि दोन बायका हातात सूप घेऊन झाडाझाडाखाली तांदूळ पाखडताहेत. त्याला आवाज ओळखीचा म्हणून. एका पोरीनं हसून विचारलं, “काकू, हा कुठला सण?” वनितानं ऐकवलं, “तुज्या मायला इचार.” चौथ्या वेळी अंबाबाईचा पाय सरकला. वनिता म्हणाली, “आजी, पुरं आता. पिंजऱ्यातलं पाखरू ह्या पावसात दोन दिस नाय काढत. मी खोटं कशाला बोलू?” अंबाबाईनं ऐकलं. पण दिवेलागण झाली की तिचे डोळे अजून पिंजरा होता त्या कोपऱ्याकडं जातात. पिंजरा स्वप्नीलनं माळ्यावर टाकला. नवीन पाखराचं नाव काढत नाही. रविवारी घरी असतो, मोबाइल बघतो. आई बोलली की हं म्हणतो.

गेल्या सोमवारी अंबाबाई एकटीच तुमच्या कचेरीत आली. साहेब मिटिंगला आहेत, असं सांगितलं. ती बाकावर बसली. दुपारचं जेवण झालं, पंखे बंद झाले, साडेपाचला तुम्ही आतल्या खोलीतून बाहेर आलात. मिटिंग आतच होती म्हणायची. ती उठली आणि डबी उघडून तो तुटका वाळा तुमच्या समोर धरला.

“सायेब, वाळा म्या तोडला. पोरापासून लपवलं, त्येबी म्या. माज्या पोराला मी त्वांडावर सांगितलं माजं चुकलं म्हणून. आता तुमची पाळी. जित्ता नसंल त्यो, म्हाईत हाय मला. तरीबी तिथं जाऊन मूठभर तांदूळ टाकीन म्हणते.”

तुम्ही घड्याळ पाहिलंत.

“कुठल्या झाडावर सोडलात?”

तुम्ही जीपमध्ये बसलात. ती अजून उत्तर मागते आहे साहेब, आणि आता तिच्याबरोबर मीही. कुठल्या झाडावर?