पट्टेवाल्याच्या बहिणीचा दावा

“दादा, माझा दावा काढून टाक. निकाल लागला,” कोर्टाच्या दारातूनच बहीण म्हणाली.

पट्टेवाला खुर्च्या पुसत होता. बसायला कोणी नसलं तरी तो रोज पुसायचा. डोंगरापलीकडच्या या कोर्टावर नेमणूक झाली, की साहेबलोक नेमके आजारी पडत. पोलीस चौकीही कधीच उठून गेली होती. आल्यागेल्याला पुढची तारीख सांगायला एकटा पट्टेवाला तेवढा उरला होता.

“निकाल? कुणी लावला?”

“डोंगरातल्या बंदूकवाल्यांनी. दिराला बोलावलं, दोघांचं ऐकून घेतलं. संध्याकाळच्या आत शेत माझ्या ताब्यात. भाऊजींनी हूं की चूं केलं नाही.”

नवऱ्यामागे दिराने तिचं शेत बळकावलं, तेव्हा “कोर्टात जा, मी आहे ना,” म्हणणारा हाच भाऊ होता. त्याचं तोंड पडलं. पण खरं सांगायचं तर त्याला बरंही वाटलं. बहिणीच्या पोटापाण्याची काळजी मिटली होती.

“फुकटात?”

तिने मान खाली घातली. “घरटी एक माणूस मागतात. थोरलीला नेलं.”

“आणि तू दिलीस? पोटची पोर?”

“नाही म्हणून कुणाकडे धावले असते, दादा? तुझ्या या खुर्च्यांकडे?”

तो पुन्हा खुर्च्या पुसू लागला.

पावसाळा सरल्यावर न्यायाधीश खरोखरच आले, पुढेमागे पोलिसांच्या गाड्या घेऊन. माणूस तरुण होता, भला वाटत होता. बहिणीचा दावा अजून तसाच होता. काढून टाकायला तरी साहेब कुठे होते? पट्टेवाल्याने दारात उभं राहून रीतीप्रमाणे दोघांची नावं तीन-तीनदा पुकारली. दीर फिरकला नाही. बहीण आली.

“शेत तुमच्याकडे आहे ना?” न्यायाधीशांनी विचारलं.

“आहे, साहेब.”

“मग आता काय हवंय?”

“माझी मुलगी आणून द्या.”

सगळं ऐकून घेतल्यावर न्यायाधीशांनी उगाच कागद खालीवर केले. “बाई, ते या दाव्यात येत नाही,” ते हळूच म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं. दावा निकाली निघाला.

बहीण जागची हलली नाही. न्यायाधीशांनी पुढचं नाव पुकारायची खूण केली. पट्टेवाला दारात गेला आणि डोंगराकडे तोंड करून त्याने भाचीचं नाव पुकारलं. मग पुन्हा पुकारलं. पोलीस एकमेकांकडे बघू लागले. न्यायाधीश मान खाली घालून तिसऱ्या पुकाऱ्याची वाट बघत राहिले.