दहावं पुस्तक

"हे घेव नको गो बाय," म्हणत गंगारामकाकांनी पुस्तक टेबलावर पालथं घातलं. "नऊ झाली ना? दहावं दुसरं कुठलं तरी बघ."

दर्शनाने ते पुन्हा सुलटं केलं. मुखपृष्ठावर राही हसत होती. गळ्यात पदक, खांद्यावर तिरंगा.

खेडच्या त्या वाचनालयात दर्शना अठरा वर्षं ग्रंथपाल होती आणि गंगारामकाका तिच्याही आधीपासूनचे शिपाई. महिन्यापूर्वी शाळेच्या क्रीडाशिक्षिका मृणाली मॅडम येऊन गळ घालून गेल्या होत्या. खो-खोच्या मुलींसाठी खेळाडूंची दहा आत्मचरित्रं निवडून द्या, पण वाचण्याजोगी. तेव्हापासून दर्शना रोज एक पुस्तक घरी नेत होती. कुकरच्या शिट्ट्या होईतो चार पानं, जेवणं उरकली की आणखी थोडी. तिची पारख साधी होती. सत्कार, हारतुरे आणि पुढाऱ्यांचे फोटो यांतच निम्मं पुस्तक संपत असेल, तर ते बाजूला. हरल्यावर माणूस एसटीत बसून घरी कसा आला, हे ज्याने लिहिलं असेल, ते ठेवायचं. तीस पुस्तकांतून अशी नऊ निघाली.

काल तिने राहीचं वाचलं. दोघी एकाच गावच्या, कापणी झालेल्या मळ्यात अनवाणी पळत खो-खो शिकलेल्या. राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्याचं प्रकरण आलं, तेव्हा दर्शना ओट्याशी उभी राहून वाचत होती. 'पहिल्या डावात आमची एक खेळाडू जायबंदी झाली आणि मला संधी मिळाली.' एवढंच. पुढच्या ओळीपासून राहीचा खेळ होता.

ते वाक्य तिने चार वेळा वाचलं. राग येईल म्हणून ती थोडी थांबलीसुद्धा. आला नाही. दूध उतू गेलं. तिने ओटा पुसला.

"मी होतो की त्या सामन्याला," गंगारामकाकांचा आवाज चढला. "सर दुसरीलाच उतरवत होते. तू लंगडत गेलीस नि म्हणालीस, राहीला घ्या. खरं ना?"

"खरं."

"मग नाव लिवायला हात झडले काय तिचे?"

"काका, तुम्ही वसतिगृहाचं प्रकरण वाचलंत?"

"मी कशाला वाचतोय!"

"तिच्या गावाकडच्या बोलण्याला मुली हसायच्या. म्हणून सहा महिने ती कुणाशी बोललीच नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडायची. ते सगळं लिहिलंय तिने. बाकीच्या नऊंत इतकं खरं पान नाही."

"म्हंजे पुस्तक चांगलं?"

"चांगलं आहे." ताप मोजून आकडा सांगावा, तसं ती म्हणाली.

 काकांनी कानामागची पेन्सिल काढून पुढे केली. "मग त्या ओळीच्या बाजूला तुझं नाव तरी लिव. बारीक अक्षरात."

"वाचनालयाचं पुस्तक आहे, काका," दर्शना म्हणाली आणि तिने पहिल्या पानावर शिक्का मारला.

आठवड्याने मुली आल्या. मोहल्ल्यातल्या आयात नावाच्या आठवीतल्या मुलीने राहीचं पुस्तक उचललं आणि तिसऱ्याच दिवशी परत आणलं. पुस्तक टेबलावर ठेवूनही ती जाईना.

"ताई, ह्यात एक पोरगी जायबंदी झाली म्हणून लिवलंय. तिचं पुढं काय झालं?"

"ते नाही लिहिलेलं."

"खेळायची कशी ती?"

 लोक गुडघ्याचं विचारायचे. लग्नाच्या वेळी तर फारच विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"तीन मिनिटं चाळीस सेकंद," ती म्हणाली. "एवढा वेळ कुणाच्या हाती लागली नाही. गुडघा गेला, तेव्हाही बाद नव्हती."

 मागच्या सामन्यात आयात स्वतः दीड मिनिटात बाद झाली होती. तीन चाळीस म्हणजे काय, ते तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"आईशप्पत," ती हळूच म्हणाली. मग म्हणाली, "खुंटाला वळसा कसा घालायची? माझा पाय तिथंच अडकतो."

दर्शना उठली. वाचनकक्षाच्या मधोमध एक लाकडी खांब होता. त्याच्याजवळच्या दोन खुर्च्या तिने सरकवल्या, साडीचा पदर खोचला, चपला काढल्या. गंगारामकाका वर्तमानपत्रांची चळत हातात घेऊन दारातच थांबले.

"पाय आधी नाही टाकायचा. आधी खांदा," ती म्हणाली. खांबाला हात लावून तिने खांदा आत झुकवला, सगळा भार डाव्या पायावर घेतला. गुडघ्यातून कळ गेली.

"अशी," ती म्हणाली, आणि आयातचं नीट बघून होईपर्यंत तशीच उभी राहिली.