नारिंगी दिसलं की मी आहे

मी एक जुना टॉवेल आहे, आणि खरं सांगायचं तर अंग पुसण्याचं काम माझ्या वाट्याला फारसं आलंच नाही. मित्रांनो, टॉवेलच्या जातीत जन्माला येऊन आयुष्यभर जमिनीवर पसरून राहिलेला माझ्यासारखा दुसरा कुणी तुम्हाला भेटणार नाही. तरीही माझ्याइतकं ऐटीत कुणी जगलं असेल असं मला वाटत नाही.

माझा जन्म एका कापडगिरणीत झाला. ज्या हौदात मला रंगवलं, त्यात रंगाऱ्याच्या हातून रंग जरा जास्तच पडला. माझी भावंडं फिकट, शहाण्यासारखी दिसणारी, आणि मी मात्र असा भडक नारिंगी की दुकानदारानं मला पाहून डोळे बारीक केले. गिऱ्हाईकं मला उचलायची, नाक मुरडायची आणि परत ठेवायची. शेवटी एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं मला हातात घेतलं. "इतका भडक आहे, पोहण्याच्या तलावावरून कुणी चोरणार तरी नाही," असं म्हणून तिनं मला पिशवीत टाकलं. घरी गेल्यावर तिनं माझ्या एका टोकाला खुंटीला अडकवायला पांढरी नाडी शिवली. ती माझी आई नव्हती, पण मी तिला आईच म्हणतो, कारण घरातली मुलगी तिला आई म्हणायची.

ही मुलगी म्हणजे चष्म्याच्या जाड काचांमागचे दोन मोठे डोळे. तिचे बाबा बसचे ड्रायव्हर. पाणी दिसलं की ही पोरगी काठावर थांबायचीच नाही, म्हणून ते तिला 'बदक' म्हणायचे. पण चष्मा काढला की बदकाला समोरची भिंतही दिसत नसे. तलावात ती तिरकी तिरकी जायची आणि शेजारच्या रांगेतल्या मुलांच्या डोक्यावर जाऊन आदळायची. तिथले सर पोट सुटलेले, पण त्यांचा आवाज खणखणीत होता. त्यांनी आईला बोलावून सांगितलं, "पोरीच्या अंगात दम आहे हो, पण हिला दिशाच नाही."

दुसऱ्या दिवशी आई तलावाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिला स्वतःला पोहता येत नव्हतं. पाण्याची तिला इतकी भीती, की काठापासून ती चार हात लांबच राहायची. पण तिनं मला दोन्ही हातांनी उंच धरलं आणि ओरडून सांगितलं, "बदका, नारिंगी दिसलं की मी आहे. सरळ माझ्याकडे ये!"

आणि बदक सरळ आलं. तो दिवस मला आजही आठवतो. पाण्यातून वर आलेला तो ओला चेहरा, मिचमिचे डोळे आणि माझ्याकडे पसरलेले हात. त्या दिवशी मात्र मी तिचं अंग पुसलं, अगदी मनापासून.

पुढे बदकाला सायकलचं वेड लागलं, मग धावण्याचं. सरांनी तिन्ही वेडं एकत्र बांधली आणि तिला ट्रायथलॉनच्या वाटेला लावलं. आधी पोहायचं, पाण्यातून निघून तसंच सायकलवर बसायचं आणि सायकल ठेवून धावत सुटायचं. या शर्यतीत सायकली एका मैदानात दांड्यांवर ओळीनं अडकवलेल्या असतात. ओल्या अंगानं पळत येऊन त्या गर्दीतून आपली सायकल शोधायची असते. पाण्यातला चष्मा बाहेर येताच धुक्यासारखा पांढरा होतो आणि नेहमीचा चष्मा असतो सायकलपाशी, हेल्मेटमध्ये उलटा ठेवलेला. म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत आमचं बदक आंधळंच. म्हणून तिच्या सायकलखाली मला पसरायचं ठरलं. आई घरी असली तरी तिच्या जागी मी असायचो.

तलावामागच्या मोकळ्या जागेत रोज त्याची तालीम चालायची. मी जमिनीवर, माझ्यावर धावायचे बूट, त्यांत पावडर टाकलेली, म्हणजे मोजे न घालता पाय सर्रकन आत जावेत. सायकलचे बूट पायडललाच अडकवलेले. बाबा ड्यूटीवरून येऊन तोंडात शिट्टी धरून पंचासारखे उभे राहायचे. हेल्मेटचा पट्टा लावायच्या आधी सायकलला हात लावायचा नाही, हा या शर्यतीचा कडक नियम. तिचा हात जरा लवकर पुढे गेला की बाबा जिवाच्या आकांतानं शिट्टी फुंकायचे.

"बाबा, अजून लावलाच नव्हता हात!"

"लावणार होतीस. बसमध्येही लोक असंच म्हणतात, चढणारच होतो म्हणून."

सर पोट धरून हसायचे आणि मग तिला पुन्हा पहिल्यापासून पळवायचे. किती सुंदर दिवस होते ते!

बदक मोठं झालं आणि हेच तिचं काम झालं. लोकांना वाटतं, खेळाडूचं आयुष्य म्हणजे टाळ्या आणि पदकं. मी जवळून पाहिलंय. उजाडताना पोहायचं, खायचं, झोपायचं, सायकल मारायची, पुन्हा खायचं, धावायचं, आणि संध्याकाळी जिना चढताना आजीसारखं कठड्याला धरायचं. मी तिच्याबरोबर किती गावं पाहिली! परक्या खोल्यांच्या खिडक्यांत वाळलो. इतर खेळाडू माझ्या रंगावरून तिची चेष्टा करायच्या, पण त्याच नंतर म्हणायच्या, "तुझी जागा आम्हालासुद्धा लांबून दिसते गं." हे ऐकलं की मी जमिनीवर पडल्या पडल्या फुगायचो.

मग एका मोठ्या कंपनीनं तिला आपल्या संघात घेतलं. नवे कपडे, नवी सायकल आणि आकाशी रंगाचा मऊ टॉवेल. वर्षातली सर्वांत मोठी शर्यत जवळ आली होती. पहिल्या तिघींनाच जागतिक स्पर्धेत जागा मिळणार होती. पिशवी भरताना तिनं मला उचललं, क्षणभर पाहिलं आणि खुर्चीवर टाकलं.

सरांनी दारातूनच सांगितलं, "बदका, शर्यतीच्या दिवशी नवीन काही वापरायचं नाही. बूट नाही, खाणं नाही, काहीच नाही."

"सर, टॉवेलच तर आहे!" ती हसून म्हणाली.

मित्रांनो, ती शर्यत मी टीव्हीवर पाहिली, आईच्या मांडीवर घडी होऊन. बदक पाण्यातून दुसरी बाहेर आली. आईनं मला घट्ट धरलं. बदक पळत सायकलींपाशी आली आणि थांबली. कंपनीच्या सगळ्या मुलींना तेच टॉवेल दिले होते. ओळीच्या ओळी आकाशी. ती एका सायकलपाशी गेली, परत फिरली, दुसऱ्या ओळीत शिरली.

"अगं डावीकडे! डावीकडे बघ ना!" आई टीव्हीला सांगत होती. मला इतकं असहाय कधीच वाटलं नव्हतं.

बदकाला सायकल सापडली तेव्हा कितीतरी जणी पुढे निघून गेल्या होत्या. पुढे ती जिवाच्या करारावर धावली, पण चौथी आली. कंपनीनं पुढच्या हंगामात तिला घेतलं नाही. घरी आल्यावर ती आईजवळ जमिनीवर बसली आणि एवढंच म्हणाली, "आई, सगळं निळं निळं होतं गं." आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

त्याच काळात माझ्यावरही संकट कोसळलं. मी गॅलरीत पडलो होतो आणि बाबांनी सायकलची साखळी पुसायला मलाच घेतलं! काळ्या वंगणानं माझं निम्मं अंग माखलं.

"तुम्हाला घरात दुसरं फडकं मिळालं नाही?" आईनं कपाळावर हात मारला.

"मला वाटलं, हे आता कामाचं नाही."

आईनं मला धू धू धुतलं. डाग गेला नाही, उरलासुरला रंग मात्र गेला. मी पिवळट, विटका, डागाळलेला झालो. आणि पुढच्या वर्षी त्याच शर्यतीची वेळ आली. बदक आता स्वतःच्या हिमतीवर जाणार होती. या वेळीही जागा मिळाली नाही तर हे सगळं सोडून तलावावर मुलांना शिकवायचं, असं तिनं घरात सांगून टाकलं होतं. पिशवी भरताना तिनं मला हातात घेतलं आणि तिचा चेहरा पडला.

"आई, हा आता लांबून दिसणारच नाही. नवा घेऊ का?"

"शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही, असं तुझे सरच म्हणतात ना?" असं म्हणून आईनं चिंध्यांची पेटी उपडी केली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून उरलेले नारिंगी तुकडे तिनं एक एक वेचून काढले. कुणाच्या झग्याचा, कुणाच्या पडद्याचा, कुणाच्या उशीच्या अभ्र्याचा. दुपारभर मशीन चालली. वंगणाच्या डागावर तिनं सर्वांत मोठा, सर्वांत भडक तुकडा बसवला. सुई टोचत होती, पण मी कुरकुर केली नाही.

शर्यतीच्या सकाळी मी मैदानात सायकलखाली पसरलो होतो. आईबाबा प्रथमच कुंपणाबाहेर उभे होते. ओल्या पावलांचा आवाज आला. एक गेली, दुसरी गेली, पुढच्या दोघी गेल्या. मग ती पावलं आली, जी मी झोपेतही ओळखीन. ती सरळ माझ्याकडे आली, न अडखळता. चष्मा, हेल्मेट, पट्ट्याची टक्, आणि मगच सायकलला हात. कुंपणापलीकडून बाबांची शिट्टी वाजली नाही.

उन्हात मी किती वेळ वाट पाहिली! ती परतली, तेव्हा घामानं तिचे डोळे चुरचुरत होते. तिनं बूट घातले, आणि मला उचलून खसकन तोंड पुसलं. सरांनी डोक्याला हात लावला असणार, कारण तेवढे क्षण वाया गेले. माझा मात्र जन्म सार्थकी लागला. नंतर भोंग्यावरून तिचा नंबर तिसरा म्हणून पुकारला गेला आणि कुंपणापाशी बाबा लहान मुलासारखे रडले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बदक जगभर धावलं, दमलं आणि अखेर त्याच तलावावर आनंदानं शिकवायला आलं. मी कपाटात खालच्या फळीवर होतो. परवा तिनं मला बाहेर काढलं. आईचे गुडघे धरले आहेत आणि डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं आहे. आईच्या डोळ्यांतही आता मोतीबिंदू उतरला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं विटकं फडकं असेल, जे कुणीतरी कधीतरी तुमच्यासाठी उंच धरलं होतं. ते फेकण्याआधी एकदा नीट पाहा. टाका घालता आला तर घाला. जमलंच तर ज्यांनी ते धरलं होतं, त्यांचीही चौकशी करा.

आई तलावाच्या पहिल्या पायरीवर उभी होती, कठडा दोन्ही हातांनी धरून. सगळं आयुष्य काठापासून चार हात लांब काढलेली बाई, तिचा पाय पुढे पडेना. "मला काही दिसत नाही गं," ती म्हणाली.

बदक समोरच्या टोकाला कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिनं मला दोन्ही हातांनी उंच धरलं.

"आई, नारिंगी दिसलं की मी आहे. सरळ माझ्याकडे ये."

आईनं कठडा सोडला.