मध्ये बोलायचं नाही

माझं तोंड बंद राहत नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. यांचं उघडत नाही, हेही. नळदुरुस्तीचा धंदा त्यावरच चालला: फोन मी घ्यायचे, गिऱ्हाइकांशी हुज्जत मी घालायचे, आणि पाना घेऊन हे निघायचे. हल्ली पत्ता तीन-तीनदा सांगावा लागायचा. मला वाटलं, नेहमीसारखं या कानाने ऐकतात आणि त्या कानाने सोडून देतात. कोणी यांना काही विचारलं, की उत्तर माझ्याकडे तयार. त्यामुळे यांचं उत्तर हरवलंय, हे कळायला फार उशीर झाला.

दवाखान्यातही तेच. "काका, आज वार कोणता?"

"गुरुवार," मी म्हटलं.

"काकू, प्रश्न काकांना आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं मी नंतर वेगळं ऐकेन, नियमच आहे तसा. इथे बसायचं तर मध्ये बोलायचं नाही. खूणही नाही."

लेकीच्या वयाची पोर! पण मी तोंडाला कुलूप लावून दाराजवळ बसले. एकच धाकधूक होती: बाकी काहीही विसरू देत, मला नको.

वार चुकला. महिना चुकला. दर वेळी हे सवयीने शेजारी बघायचे, आणि शेजारची खुर्ची रिकामी.

"आज कोणाबरोबर आलात?"

"बायकोबरोबर."

माझा जीव भांड्यात पडला.

"कुठे आहेत त्या?"

यांनी खोलीभर पाहिलं. मलाही पाहिलं. "बाहेर गेली असेल. ती असती तर एवढी शांतता असती का?"

बाई हसल्या. मलाही हसू आलं.

"मग या कोण?"

"त्यांचाही नंबर असेल," हे अदबीने म्हणाले. "आधी त्यांना बघा. मला घाई नाही."

नियम गेला चुलीत. "अहो! मी पेशंट दिसते का तुम्हाला? आणि ते बटण खाली-वर लागलंय, सकाळपासून सांगतेय!"

यांचा चेहरा उजळला. "ही बघा, आली," बाईंना म्हणाले, आणि बटण सोडवू लागले.

नंतर हे बाहेर बसले आणि बाईंनी मला आत बोलावलं. रक्त, कान, मेंदूचं स्कॅन, सगळं तपासू म्हणाल्या, पण स्मृतिभ्रंशच वाटतो. "चुका काढू नका. खोलीत शिरण्याआधी बोला. आवाजावरून ते तुम्हाला ओळखतात."

जन्मभर ज्या बडबडीला सगळ्यांनी नावं ठेवली, तीच आता औषध. मला रडू आवरेना.

"आणि उद्या आवाजही ओळखला नाही तर?"

तेवढ्यात बाहेर हे नर्सला विचारताना ऐकू आले, "आमची कुठे दिसत नाही?"

"आले, आले!" मी आतूनच ओरडले, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्याने.