खैऱ्याचे चित्र

पुंजाजी पाटलांनी कागद हाताभर लांब धरला, मग खिडकीच्या उजेडात नेला, मग पुन्हा डोळ्यांजवळ आणला.

“पाय बराबर चार हायेत, मास्तर,” ते म्हणाले. “शिंगंही झ्याक. खोट काढाले कुठं जागा नाही. पण हा माह्या खैऱ्या नाही, बापा.”

“रंग थोडा गडद करता येईल,” वामनराव म्हणाले.

“रंगाचं नाही. हा कोणाचाही असन. खैऱ्या माह्याच होता.”

पाटील पिंपळगाव राजाहून मुद्दाम नांदुऱ्याला आले होते. त्यांच्या खैऱ्या बैलाने जिल्ह्याच्या जनावरांच्या प्रदर्शनात लागोपाठ दोन वर्षे पहिला नंबर मिळवला होता. गोऱ्या साहेबाने स्वतः त्याच्या गळ्यात पट्टा बांधला होता. आश्विनात बांधावर साप चावून तो मेला. त्याचा फोटो कधी काढलेला नव्हता. मिडल स्कूलचे ड्रॉइंग मास्तर वामनराव यांनी चार वेगवेगळे बैल पाहून, मापे घेऊन, पाटलांनी सांगितलेल्या खुणा जुळवून हे जलरंगातले चित्र केले होते. त्याला अकरा सकाळी लागल्या होत्या.

पाटलांनी कागद दोन्ही हातांनी, आदराने परत दिला.

“राग नका मानू. आता फकीर मोहम्मदले सांगून पाहातो. सात वर्सं पोळ्याले त्यानंच रंगवला खैऱ्याले.”

“कापसाच्या जिनात गाठींवर मार्का मारतो, तो?”

“हाव, तोच.”

पाटील गेल्यावर वामनरावांच्या पत्नी आशाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “झालं का पाटलाचं समाधान?” त्यांनी विचारले. वामनरावांनी ब्रश धुण्याचे भांडे उचलले आणि ते परसात गेले.

एकोणीस वर्षे ते रोज उजाडताना रंगवायला बसत. तापात बसले, मुलीच्या लग्नादिवशीही बसले. मुंबईच्या कलाशाळेतली दोन वर्षे वडिलांच्या मृत्यूने अर्धवट सुटली, आणि जे तिथे शिकायचे राहिले ते आपल्याच ओसरीवर शोधून काढण्याचा त्यांनी जणू पण केला होता. बाभळीचा डिंक किती पातळ करावा, पळसाचा पिवळा किती दिवसांत उडतो, दह्याच्या चोथ्यात चुना मिसळला तर रंग कसा धरतो, हे त्यांनी करून पाहिले होते. एकदा अंड्याचा बलकही आणला होता. “रंग असो का आणखी काही, ते गोठ्यात करा!” असे म्हणून आशाबाईंनी तीन दिवस त्यांना गोठ्यात बसवले होते. तेलाचा नाद सर्वांत लांबला. करडीचे कच्चे तेल वापरून रंगवलेले एक चित्र दिवाळीपासून होळीपर्यंत चिकटच राहिले. शेवटी जवसाचे तेल मुरदाडशिंग, म्हणजे शिशाची पिवळी भुकटी, घालून मंद विस्तवावर उकळले, तेव्हा कुठे हवे ते मिळाले. तो रंग तीन दिवसांत वाळत असे आणि काचेसारखा टणक होत असे. ती बाटली आता कोनाड्यात होती. त्या बाटलीचा त्यांना अभिमान होता, आणि तो दाखवायला कोणी नव्हते.

चार दिवसांनी फकीर मोहम्मद दाराशी आला. चप्पल बाहेर काढून ओसरीच्या कडेला टेकला. पन्नाशीचा, किडकिडीत, नखांत काळी शाई कायमची बसलेली.

“मास्तरसाहेब, जराशी तकलीफ देतो.”

“बोला, फकीरभाई.”

“पाटलाचा बैल काढून राह्यलो. पाटील म्हणते, नातवाच्या नातवानं पाहिला पाह्यजे. म्या म्हणलं, मंग तेलात काढतो. बोलून तं बसलो!” तो स्वतःशीच हसला. “माह्यं सारं काम पाण्याचं. सरस, डिंक, चुना. तेलातलं मले अलिफ-बे येत नाही. तुम्ही शिकलेले. कोणतं तेल घेऊ? घरी करडीचं हाय. चालन का?”

वामनरावांच्या मागेच कोनाडा होता. बाटलीवर सकाळचे ऊन पडले होते. सांगायला पाच वाक्ये पुरली असती: जवस, मुरदाडशिंग, विस्तव, किती वेळ, कसे गाळायचे. ती पाच वाक्ये मिळवायला त्यांना सहा वर्षे लागली होती.

“चालेल,” ते म्हणाले.

“उकळा लागते का?”

“नाही.”

“अल्ला तुमचं भलं करो,” फकीर मोहम्मद म्हणाला आणि उठला. जाताना त्याची नजर भिंतीला टेकवलेल्या जलरंगातल्या बैलाकडे गेली. तो वाकला, बराच वेळ पाहत राहिला. “बाप्पा! खूर किती साफ काढले तुम्ही. माह्या हातून असे खूर जन्मात नाही निंघणार.”

हे तो मनापासून म्हणाला होता. वामनरावांना ते अधिकच लागले.

फकीर मोहम्मदचे छप्पर जिनाच्या गल्लीत, शाळेच्या वाटेवर होते. वामनराव आजवर दुसऱ्या बाजूच्या मोकळ्या रस्त्याने शाळेत जात. आता ते गल्लीतून जाऊ लागले. सागाच्या तीन फळ्या जोडून केलेली पाटी बाजेवर टेकवलेली असे. पहिल्या दिवशी तिच्यावर नुसती कोळशाची एक रेघ होती, वशिंडापासून शेपटीपर्यंत. ती पाहून वामनरावांचे पाऊल अडखळले. त्या रेघेत वजन होते.

“माप कशावरून घेतलं?” त्यांनी एकदा न राहवून विचारले.

“माप कायचं, मास्तरसाहेब? हात फिरवला होता ना सात वर्सं त्याच्या अंगावर. गेरू लावताना खैऱ्याले इथं गुदगुल्या होत,” त्याने फळीवर बरगडीच्या जागी तळवा ठेवला, “तं कातडी अशी थरारे. डोळे मिटले का हाताले आठवते.”

हातात काही येऊन बसावे म्हणूनच वामनराव एकोणीस वर्षे कागदापुढे बसले होते. दिवसागणिक बैल फळीतून बाहेर येत गेला: खैराच्या काताच्या रंगाचा, मान किंचित वळवलेला, दाराशी कोणाची तरी चाहूल लागलेला. वामनराव शाळेत मुलांना घडे आणि पेले काढायला लावत आणि खिडकीबाहेर बघत राहत. घरी सकाळी बसले की हात जड होई. ज्याने एक दिवसही असा सराव केला नाही, त्याला हे मिळावे, याचा विचार त्यांच्या घासातही येई.

आठव्या दिवशी छपरात कोणी नसताना त्यांनी फळीच्या कोपऱ्याला नख लावले. रंग नखाला आला. त्यांना बरे वाटले. आणि बरे वाटले हे लक्षात येताच ते भराभर चालू लागले.

फकीर मोहम्मद पुन्हा विचारायला आला. “अजून चिकटते, मास्तरसाहेब. माह्यं काही चुकलं का?”

“थंडी आहे. ऊन दाखवा.”

त्याने ऊन दाखवले. हंगाम भरात होता. जिनाची चाके दिवसभर चालत आणि रुईचे तंतू गल्लीच्या हवेत तरंगत. उन्हात ठेवलेल्या ओल्या बैलावर ते अलगद येऊन बसले. खुर्शीद, त्याची बायको, पदराने वारा घालून ते उडवू पाहत होती, उडत नव्हते.

“कुकडून हे तेलाचं खूळ घेतलं तुम्ही!” ती नवऱ्याला म्हणाली. वामनराव तेव्हा समोरूनच चालले होते. फकीर मोहम्मदने तिला डोळ्यांनी गप्प केले.

पाटलांनी ठरवलेला दिवस टळला नाही. इंद्रभान गडी त्यांची बंडी घेऊन आला. निरोप होता: मास्तरांनीही यावे, चित्राची पारख शिकलेल्या माणसाने करावी. नाही म्हणता आले असते. वामनराव कोट घालून बंडीत बसले. सबंध वाट फकीर मोहम्मदने पाटी दोन्ही हातांनी कडेला धरून उभी ठेवली. धक्का बसला की तो पाटीवरच्या बैलाआधी स्वतः वाकत होता.

ओसरीवर माणसे जमली होती. पाटी भिंतीला लावली गेली. पाटील जोत्यावरून उठले आणि तिच्यासमोर येऊन थांबले.

“जिनातून आला हा,” पाटील हळूच म्हणाले. “पाहा ना. कापसाची बंडी खाली करून आला का असाच राहे. साऱ्या अंगाले रुई.”

आणि त्यांनी, जणू रोजचेच असावे तसे, बैलाच्या खांद्यावरचा एक तंतू चिमटीत धरला, आणि मग सबंध तळवा त्या खांद्यावर ठेवून खाली फिरवला.

हात बाजूला झाला तेव्हा बैलाच्या खांद्यावर पाच बोटांचा ओरखडा उमटला होता. पाटील आपल्या लाल-काळ्या तळव्याकडे बघत राहिले.

“एक महिना झाला, मोहम्मद. हा ओला काऊन?”

“माह्यी चूक, पाटील,” फकीर मोहम्मद म्हणाला. “तेल चुकलं माह्यं. पुन्हा काढून देतो.” तो वामनरावांकडे वळला नाही. त्याने एकदाही तिकडे पाहिले नाही.

याच क्षणाची वामनराव महिनाभर वाट पाहत होते. आता सगळे त्यांच्याकडे पाहत होते; शिकलेल्या माणसाने काय ते सांगावे म्हणून.

“तेल मी सांगितलं होतं,” ते म्हणाले.

पाटलांनी मान वर केली. मग, पाहुण्याची लाज राखावी तसे, सावकाश म्हणाले, “तुमालेही मालूम नसन, मास्तर. होते असं.”

वाट मोकळी करून दिलेली होती. एकदा ‘हो’ म्हटले की चहा आला असता.

“मला माहीत होतं,” वामनराव म्हणाले.

बाहेर इंद्रभान बैलांना कडबा टाकत होता. पाटलांनी पंच्याला हात पुसला नाही. ते पुन्हा पाटीकडे वळले.

“दुसरा नको काढू, मोहम्मद. असाच राहू दे. हातही राहू दे तिथं.” आणि मागे न पाहता, “इंद्रभान, या दोघायले नेऊन सोड.”

परतीच्या वाटेवर फकीर मोहम्मदचे हात रिकामे होते, आणि ते कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हते. पिंपळगावची शीव ओलांडली तेव्हा वामनराव म्हणाले, “फकीरभाई, जवसाचं तेल घ्यायचं. त्यात मुरदाडशिंग...”

“थांबव बे, इंद्रभान,” फकीर मोहम्मद म्हणाला.

बंडी थांबली. तो खाली उतरला, धोतराचा काष्टा झटकला. “मी पायी येतो.”

“सहा कोस हाय, चाचा!”

“हाव.”

तो रस्त्याच्या कडेने चालू लागला. ताठ चालत होता, घाई नव्हती. दुपारचे ऊन त्याच्या पाठीवर होते. बैल थोड्याच वेळात त्याच्या मागे येऊन पोचले आणि इंद्रभानने कासरा उजवीकडे ओढला.

“पुढं काढू का, मास्तर?”

“नको,” वामनराव म्हणाले. “त्यांच्या मागूनच चालू दे.”

इंद्रभानने कासरा आखडला. बैलांना ती चाल मानवत नव्हती. ते पुन्हापुन्हा मान हलवीत होते, आणि बंडी एका चालणाऱ्या माणसामागून, त्याच्या पावलाने, नांदुऱ्याकडे जात राहिली.