बरा हाय म्हणायचं

गंजात पेज खदखदली नि वरचं झाकण थडथडलं, तेव्हा कुठे रीनाच्या ध्यानात आलं की घर केव्हाचं गप्प आहे. शमू कण्हत नव्हता.

पेज तशीच सोडून ती खाटेकडे धावली. लेकरू भिंतीकडे तोंड करून पडलेलं, अंगाची नुसती भट्टी.

"शम्या, पेज पेतं का रे राजा?"

त्याचे डोळे अर्धे उघडले, पण त्यांनी आईला पाहिलं नाही.

"आई, शमूले ताप..." उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली पुनम म्हणाली.

"चूप! ते नाव घ्याचं नाई."

गावात ख्रिस्ती घरं चार-पाचच. दर रविवारी ती सोनीबाईच्या पडवीत जमत. कुरखेड्याहून पास्टर आले तर आले, नाहीतर सोनीबाईच प्रार्थना चालवी. तिथला रिवाज असा, की आजाऱ्यावर देवाचं वचन बोललं की घरच्यांनी उभं राहून साक्ष द्यायची. आणि साक्ष दिली की त्या आजाराचं नाव पुन्हा तोंडावर आणायचं नाही. देव बोलला ते झालं. त्यापुढे आपण 'पण' लावला, तर तो अविश्वास.

रविवारी सोनीबाईनं शमूच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सभा उठायच्या आत ताप उतरला. अंगाला घाम सुटला, पोरगं हसलं, पोळी मागून खाल्ली. रीनानं रडत रडत सगळ्यांसमोर साक्ष दिली, "माझा शमू बरा झाला." त्यात खोटं काहीच नव्हतं. पण एक दिवस आड करून हुडहुडी परत आली. मग गेली. आज पुन्हा आली.

आणि आज सकाळीच गावची आशा कार्यकर्ती धुरपताबाई रक्त तपासायची पेटी घेऊन दारात उभी होती. "रीने, घरात कोणाले ताप हाय का वो?"

"नाई," रीना म्हणाली होती. "सगळे बरे हाये."

धुरपता पुढच्या घराकडे वळली होती. तिची स्वतःची श्रद्धा गावच्या पेनावर, जंगलातल्या देवावर. पण मलेरियाच्या कामात तिनं कुणाचा देव कधी विचारला नव्हता.

एवढ्यात बातमी लागल्यासारखी सोनीबाई आली. खाटेशी बसून तिनं शमूचे तळवे चोळायला घेतले.

"घाबरू नको. बरा हाय म्हण."

"सोनीबाई, तो माह्याकडे पाहून नाई राह्यला."

"डोळ्याचं नको आयकू, वचनाचं आयक. माह्या नवऱ्याले दारूनं मारलं होतं, का नाई? त्याले कोणत्या डॉक्टरनं उठवलं? मी रोज म्हणत होती, सुटली हाय, सुटली हाय. सुटली का नाई?"

सुटली होती. सारं गाव साक्षी होतं. म्हणूनच तर 'ताप' हा शब्द रीनाच्या तोंडून निघत नव्हता. देवानं नुसतं म्हटलं नि उजेड झाला, यावर तिचा जिवापाड विश्वास होता. तो विश्वास ढळला नि शमू गेला, तर? आणि गप्प राहिली नि शमू गेला, तर?

शमूचा एक हात झटका दिल्यासारखा उडाला.

रीना उभी राहिली. शास्त्रातला तो बाप तिला आठवला, लेकरासाठी येशूकडे धावत गेलेला. तो काय म्हणाला होता? बरं हाय म्हणाला होता का?

"सोनीबाई, तो बाप म्हणाला, माहं लेकरू मरून राह्यलं. आदी तेच म्हणाला. बरं हाय म्हणत येशूकडे कोणीच नाई आलं."

"तो येशूले म्हणाला. आशाबाईले नाई."

"देवाचा शब्द एवढा कच्चा हाय का, का मी ताप म्हटलं नि मोडला?"

सोनीबाईचे हात थांबले. रीना अनवाणीच निघाली.

धुरपताबाई गावाबाहेर पडली होती. नाल्यापलीकडे बांधावरून पुढच्या टोल्यावरच्या वस्तीकडे चाललेली. हातपंपावर बायका भांडी घासत होत्या. रविवारी तिच्या साक्षीला टाळ्या वाजवणाऱ्याही त्यांतच होत्या. रीना त्यांच्यामधूनच नाल्याच्या काठावर गेली नि छातीतलं सगळं एकवटून ओरडली,

"धुरपताबाई! माह्या लेकराले ताप हाय! मी खोटं बोल्ली!"

कुणीतरी फिसकन हसलं.

धुरपता पदर खोचून परत आली. "सकाळी काऊन नाई सांगतलं वो? मच्छर काई धरम पुसून चावते का?" बोलत बोलतच घरात शिरून तिनं शमूचं बोट टोचलं. पट्टीवर रक्त टेकवून तिघी वाट बघत राहिल्या. मलेरियाची दुसरी रेघ उमटली तशी धुरपताच्या तोंडावरची चेष्टा गेली. तिनं त्याला हाक मारली, चिमटा काढला.

"हे गोळीचं काम नाई. याले दवाखान्यातच न्याव लागते." ती फोन घेऊन रेंज शोधत टेकाडाकडे पळाली आणि तिथूनच हात हलवून ओरडली, "गाडी निघाली! त्याले कुशीवर झोपव!"

रीनानं त्याला कुशीवर वळवलं. सोनीबाई ओला फडका त्याच्या कपाळावर धरून बसली. तिचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळानं रीनाला कळलं की सोनीबाई 'बरा हाय' म्हणत नाहीये. "प्रभू, याले ताप हाय," म्हणतेय, पुन्हा पुन्हा. रीनाही तेच म्हणू लागली.

रस्त्यावर गाडीचा आवाज नव्हता. शमूचा श्वास वर जाई, अडके, नि खाली येई. पुनम तांदळाचं सूप सोडून जवळ आली, आईच्या पाठीला टेकली.

"आई, देवाले तं एकच शब्द बोलाचा हाय ना?" ती हळूच म्हणाली. "मंग तो कोणासाठी थांबला?"