भरिताची कृती, मध्ये नानांचं नाक

वांगी.
हिरवी, मोठी, बामणोदकडची. हातात हलकी लागली पाहिजेत, म्हणजे आत बी कमी. सुरीनं टोचे मारायचे, तेलाचा हात फिरवायचा.

आग.
वाळलेल्या पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या काड्यांची. गॅसवर भाजणाऱ्याला आमच्या यावलकडे पंगतीला बसवतात, पण बोलू देत नाहीत. आगीपाशी माझे सासरे, लीलाधर नाना. हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्यांना आसपासच्या गावांतून त्यांनाच बोलावणं यायचं. वांग्याची साल लगेच काळी पडते, तिच्यावरून आतलं काही कळत नाही. नाना वासावर काढायचे.

वास.
 
 
(जागा सोडली आहे. शेवटी भरते.)

पान.
केळीचं. आमच्याच बागेत पंगत बसली होती. मी, भाविका, धुळ्याची, लग्न होऊन आलेली, सासरची पहिली भरीत पार्टी. घास घेतला.

कोळसा.

शेजारचे आबा म्हणाले, "वा नाना!" पलीकडून कुणी म्हणालं, "नानाचा हात कोनी धरू शकत नाही." सगळे खात होते आणि पाण्याचे तांबे भराभर रिकामे होत होते. नानांच्या भरिताला नाव ठेवायचं नाही, हा गावाचा मान. मागच्या हिवाळ्यापासून सगळे तो मान असाच गिळत होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, तेही माहेरच्या बोलीत.

"नाना, बठ्ठं जयेल शे." सगळं जळलंय.

पंगत थांबली. माझा नवरा तेजस पानाकडे बघत राहिला, जसं काही पानच बोललं होतं.

"धुळ्याच्या मानसाले भरीत काय समजतं व?" नाना म्हणाले.

"भरीत नाही, पण कोळसा समजतो, नाना."

नानांनी माझ्या पानातला घास उचलला. चावत राहिले, पुष्कळ वेळ. मग हळूच म्हणाले, "मले तं आता सगळंच सारखं लागतं."

तेव्हा सासूबाई बोलल्या. "उजव्या नाकातून रक्त येतं यांच्या. मी उष्णता समजून गुलकंद देऊ राह्यली."

सोलणं.
जळगाव. कान-नाक-घशाच्या डॉक्टर हेमांगी. त्यांनी नानांना डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली कॉफीची डबी धरली.

"चहा," नाना म्हणाले.

कापूर धरला.

"चहाच."

साबण.

"बाई, तुम्ही निस्ता वासच देनार का? पाजा तरी."

डॉक्टर हसल्या, आम्ही हसलो. मग नाना डोळे मिटूनच म्हणाले, "काहीच येत नाही, बाई," आणि कुणी हसलं नाही.

दुर्बिणीत उजवीकडे लालसर गाठ दिसली. एमआरआय झाला. तुकडा तपासायला गेला. उत्तर आलं ते नाव इतकं लांब होतं की तेजसनं डॉक्टरांना ते पुन्हा म्हणायला लावलं.

"वासाच्या मज्जातंतूपासून निघालेली गाठ आहे. फार क्वचित दिसते," डॉक्टर म्हणाल्या. "नाकाचं छत तीच मेंदूची जमीन. मध्ये चाळणीसारखं पातळ हाड. गाठ त्या चाळणीला धरून बसली आहे. मेंदूत शिरलेली दिसत नाही. उशीर झाला असता तर डोळा, मेंदू, काहीही. कुणाच्या लक्षात आलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ओढणी सारखी केली.

"ऑपरेशननं वास मात्र कायमचा जाईल."

नानांनी विचारलं, "अन् मी?"

"तुम्ही राहावं म्हणूनच करायचं."

"मंग काढा."

चेहऱ्यावर एक टाका नाही. सगळं नाकातूनच. डॉक्टर हेमांगी आणि मेंदूचे सर्जन, एका नाकात दोघांची हत्यारं. गाठ काढली, चाळणी काढली, वासाचे तंतू काढले. भोकावर मांडीतला पडदा लावला, त्यावर नाकातलंच अस्तर ओढून घेतलं.

बाहेर बाकावर सासूबाईंनी माझा हात धरून ठेवला होता. "तू बोलली नसती तं..." एवढंच म्हणत होत्या. पुढचं वाक्य त्यांनी आजवर पूर्ण केलेलं नाही.

नंतर नियम. नाक शिंकरायचं नाही. वाकायचं नाही. नाकातून पाणी गळतंय का बघायचं. शिंक आली तर तोंड उघडून. नाना अशी शिंक देत की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसे. मग रेडिएशन, म्हणजे शेक, थकवणारा. मग पुन्हा एमआरआय. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि नुसती मान हलवली. वरपासून खालपर्यंत, हसत.

बडगी.
लाकडी. वांगी सोलून हिच्यात कुटायची. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. या हिवाळ्यात पुन्हा पंगत, खास डॉक्टरांसाठी. नानांची खुर्ची धुरापासून लांब. आगीपाशी मी.

वास.
"काय येतं?" नाना लांबून ओरडले.

"हिरवा. कच्च्या शेंगेसारखा."

"राहू दे."

"आता धूर."

"तो पऱ्हाट्यांचा. वांग्याचं सांग."

मी आणखी वाकले. डोळ्यांत पाणी आलं, धुरानं. "गोडसर. गुळाचा पाक. करपायच्या जरासा आधीचा."

"काढ!"

पान.
आता मान बदलला आहे. नाना पंगतीतून हिंडत प्रत्येकाला विचारतात आणि प्रत्येक जण नाव ठेवतो. "मीठ कमी, नाना." "लसूण कुठी गेला?" आबांनी तर पाण्यालाही नाव ठेवलं. नाना खूश.

डॉक्टरांपाशी थांबले.

"छान झालंय," त्या म्हणाल्या.

"बाई, खरं सांगा. खरं बोलल्यानंच मी आज इथी उभा हे."

त्यांनी आणखी एक घास खाल्ला. "देठापाशी थोडं कच्चं आहे."

नानांनी दोन्ही हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलं का व? पुढच्या हिवाळ्यात जरा अजून थांबू."